डोयल की रुबेन

हॅकबेरी फ्लॅटमध्ये दिवस उजाडायच्या आत दोनच ठिकाणी दिवे लागत. एक कापसाचं जिनिंग आणि दुसरं नेल्डाचं डोनटचं दुकान. जिनिंगमध्ये यंत्रं चालत, नेल्डाकडे तोंडं. खिडकीजवळच्या लांब टेबलाला गावातले पुरुष रोज येऊन बसत. काही निवृत्त झालेले, काही कामावर जायच्या वाटेवरचे, आणि सगळे मिळून वर्षानुवर्षं एकच भांडण भांडत होते: डोयल भारी की रुबेन?

दोघंही बाहत्तर साली शाळेच्या फुटबॉल संघात रनिंग बॅक होते. चेंडू काखेत दाबायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या अंगावर धावत जायचं, हे त्यांचं काम. डोयल स्टॅलकप सरळ घुसायचा. समोर माणूस आला तर त्याला वळसा घालावा हे त्याच्या डोक्यातच येत नसे. दोघंतिघं पाठीवर लोंबकळत असले तरी तो त्यांना फरफटत पुढे न्यायचा. रुबेन ऑर्नेलास अंगानं किडकिडीत होता. तो सापडला असं वाटायचं आणि धरणाऱ्याच्या हातात नुसती हवा राहायची. त्या वर्षी या चिमूटभर गावाचा संघ राज्याच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचला. समोर मार्लोची बलाढ्य शाळा. शेवटची चाल, शेवटची रेघ एका यार्डावर, आणि कोच प्रुइटनं चेंडू रुबेनच्या हातात दिला. रुबेन वीतभर अलीकडे पडला आणि सामना संपला.

सामना संपला आणि भांडण सुरू झालं. डोयलला दिला असता तर?

या टेबलावर कॉफी वाढायची इमोजीन स्टॅलकप, म्हणजे डोयलची आई. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. घर स्वतःचं होतं, नवऱ्याचं पेन्शन येत होतं, चर्चच्या बायका रजई शिवायला रोज बोलवत होत्या. नेल्डाही अधूनमधून म्हणायची, "इमोजीन, आता घरी बस बाई. पायांचे हाल करून घेतेस." इमोजीन म्हणायची, "घरी बसून काय करू? भिंतींशी बोलू?" लोकांना वाटे, म्हातारीला एकटं वाटतं. तसं ते वाटायचंच, पण ती त्यासाठी येत नव्हती.

डोयल शाळा संपल्यावर तेलविहिरीवर कामाला लागला आणि बाविसाव्या वर्षी वरून सुटलेल्या पाइपाखाली सापडून गेला. घरात त्याचे फोटो होते, कपाटात त्याची जर्सी होती. फोटो रोज तेच सांगायचे. मेलेल्या मुलाकडून नवी बातमी येत नाही, आणि आईला तर नव्या बातमीचीच भूक असते. ती बातमी फक्त या टेबलावर मिळायची. भांडण पेटलं की कुणाच्या तरी तोंडून काहीतरी निसटायचं. एकदा डब म्हणाला होता, "अरे, डोयल बसमध्ये लोणच्याच्या बरणीतलं पाणी घटाघटा प्यायचा, पायात गोळे येऊ नयेत म्हणून!" डब तेव्हा संघात पुढच्या फळीत होता, आता ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. इमोजीन कॉफीचं भांडं हातात घेऊन तशीच थबकली. तिच्या फडताळातल्या लोणच्याच्या काकड्या त्या वर्षी सगळ्या कोरड्या पडायच्या आणि ती बिचाऱ्या नवऱ्याला, व्हर्ननला, बोलायची. व्हर्नन मरेपर्यंत म्हणत राहिला की मी नाही प्यायलो. त्या दिवशी घरी जाऊन ती एकटीच हसली आणि मग बराच वेळ रडली. पण दिवस कसा भरून गेला होता! पुढे आठवडाभर तिला ते पुरलं.

तर अशा एखाद्या घासासाठी ती रोज उभी राहायची. आणि रोज तिला रुबेन ऑर्नेलासचं तोंड बघावं लागायचं.

रुबेन गॅसची गाडी चालवायचा. शेतांवरच्या टाक्या भरायला निघायच्या आधी तो नेल्डाकडे यायचा, टोपी मागे सरकवायचा आणि खुर्चीवर पसरून म्हणायचा, "काय मग, मार्लोच्या पंचाला चष्मा मिळाला का?"

"झालं सुरू," हॉलिस कपाळाला हात लावायचा. हॉलिस जिनिंगचा जुना मॅनेजर आणि शाळेच्या संघाच्या पाठीराख्यांचा अध्यक्ष. "रुबेन, लेका, तू पडलास. सगळ्या गावानं बघितलं."

"गावाला काय दिसतंय? मी रेघेच्या पार होतो. आणि डोयलला दिला असता ना, तर तो दोन यार्ड मागेच आडवा झाला असता."

"तोंड सांभाळ," डब टेबलावर मूठ आपटायचा. "डोयलनं मार्लोचे तीन जण पाठीवर घेऊन नेले होते त्याच सामन्यात. मी खाली पडलेला, माझ्या डोक्यावरून गेले चौघं!"

"बैल होता रे तो. बैलाला ढकलता येतं, धावता येत नाही."

मग सगळं टेबल रुबेनवर तुटून पडायचं, आणि डोयल, डोयल, डोयल असं दुकानभर व्हायचं. इमोजीन रुबेनला सगळ्यात शेवटी कॉफी वाढायची, भांड्याच्या तळची, करपट. तो निमूट प्यायचा आणि वर "थँक यू, मिस इमोजीन" म्हणायचा. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेलेल्या पोराला बैल म्हणतो! त्याला बायको होती, रोझा, तीन मुली होत्या, एक नातू होता, आणि शर्टाची बटणं ताणणारं पोट होतं. डोयल असता तर त्याचंही पोट सुटलं असतं. डोयलचं सुटलेलं पोट एकदा बघायला मिळावं म्हणून इमोजीननं स्वतःचं काय वाटेल ते दिलं असतं.

त्या ऑगस्टमध्ये हॉलिस एक बातमी घेऊन आला. शाळेला पंच्याहत्तर वर्षं होत होती. मैदानाच्या मोठ्या भिंतीवर आजवरचे सर्वांत भारी अकरा खेळाडू रंगवायचे ठरलं होतं, प्रत्येक जण दोन पुरुष उंच. लबक शहरातून चित्रकार येणार होता. दहा नावं ठरली होती. रनिंग बॅकची जागा एक, नावं दोन.

"दोघंही घ्या की," नेल्डा गल्ल्यावरून म्हणाली.

"मग पुढच्या फळीतला एक काढावा लागेल," हॉलिस म्हणाला.

"काढून तर बघ," डब म्हणाला. त्याचं स्वतःचं नाव त्या फळीत नव्हतं, तरी आपल्या फळीचा अभिमान म्हणून तो बोलला. सगळे हसले.

शेवटी मतदान ठरलं. नेल्डाच्या काउंटरवर दोन काचेच्या बरण्या ठेवल्या, एकीवर डोयलचा नंबर चिकटवला, दुसरीवर रुबेनचा, आणि मध्ये राजम्यासारख्या ठिपक्यांच्या दाण्यांचं पोतं उघडं ठेवलं. एका माणसानं एक दाणा टाकायचा, तोही मनाला स्मरून. जुने विद्यार्थी गावी परततात त्या ऑक्टोबरच्या सामन्याच्या आठवडाभर आधी दाणे मोजायचे आणि सामन्याला चित्रावरचं कापड काढायचं ठरलं.

हॉलिसनं इमोजीनच्या हातावर हात ठेवला. "काळजी करू नकोस. गाव तुझ्या बाजूनं आहे."

आणि गाव होतंच. लोक डोनट घ्यायला येत, डोयलच्या बरणीत दाणा टाकत आणि इमोजीनकडे बघून हलकेच मान हलवत. ज्यांनी डोयलला पाहिलंही नव्हतं तेसुद्धा टाकत. पहिले काही दिवस ती नुसती तरंगत होती. घरी जाताना मुद्दाम मैदानावरून जायची, पांढऱ्या केलेल्या भिंतीकडे बघायची. इथे माझा डोयल, एवढा मोठ्ठा. कुणाला त्याच्याकडे न बघता आत जाताच येणार नाही.

मग एका सकाळी शाळेच्या चीअरलीडर पोरी फिती विकायला दुकानात आल्या. इमोजीननं एकीकडून फीत घेतली आणि सहज विचारलं, "सराव कुठे करता गं या उन्हात?"

"प्रुइटमध्ये."

"बरं असतं आत. कोच प्रुइटना मात्र गारवा चालायचा नाही. पोरांना उन्हातच रगडायचे."

पोरगी गोंधळली. "प्रुइट माणूस होता? मला वाटलं, जिम बांधणारी कंपनी."

टेबलावर हशा पिकला. हॉलिसला तर ठसका लागला. मग कुणीतरी म्हणालं, यंदा वारा लवकर सुटला, कापूस उडून जाणार, आणि गाडी तिकडे वळली. इमोजीन वाट बघत उभी राहिली. आता कुणीतरी प्रुइटबद्दल बोलेल. तो माणूस शेंगदाणे कोकाकोलाच्या बाटलीत टाकून प्यायचा, हरल्यावर बसमध्ये पुढे बसून हुंदके द्यायचा, या टेबलावरच्या निम्म्या लोकांना त्यानं वळण लावलं होतं. कुणी एक अक्षर बोललं नाही. प्रुइटचं नाव जिमच्या दारावर पितळी अक्षरांत होतं, तेव्हा त्याची आठवण काढायची जबाबदारी दारावर टाकून सगळे मोकळे झाले होते.

तिनं हातातला ट्रे काउंटरवर ठेवला. ती मागच्या खोलीत जाऊन पिठाच्या पोत्यावर बसली. डोयल भिंतीवर गेला की डोयल जिंकला. जिंकलेल्यावरून कोण भांडेल? आणि भांडलं नाही तर ते लोणच्याचं पाणी, त्या बसमधल्या गोष्टी, अजून कुणाकुणाच्या डोक्यात काय काय शिल्लक असेल ते, बाहेर कसं येणार? काउंटरवर डोयलची बरणी अर्ध्याच्या वर आली होती. तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्या पोरानं हरावं, आणि ते वाटल्याबरोबर तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. हे सांगणार तरी कुणाला? माझ्या मुलाला मत देऊ नका, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

दुकान दुपारी बंद व्हायचं. मोजणीला थोडेच दिवस उरले असताना इमोजीन एकदा घरी निघाली आणि चष्मा विसरला म्हणून मागच्या दारानं परत आली. रुबेनची गाडी मागे उभी होती, दुकानाची टाकी भरायला. आत काउंटरपाशी रुबेन होता. त्याची मूठ स्वतःच्या बरणीवर होती आणि मुठीतून दाणे खळखळ पडत होते.

"रुबेन ऑर्नेलास!"

तो दचकला. चारदोन दाणे फरशीवर उडाले.

"लाज नाही वाटत? मेलेल्याशी चोरून चुरस करतोस?"

"वाटते, मिस इमोजीन."

"वाटते म्हणे! चोवीस वर्षं माझ्या पोराला बैल म्हणतोस, तरी पोट भरलं नाही तुझं? एवढं मोठं आहे ते!"

रुबेननं पोटाकडे बघितलं, टोपी काढली. "तुम्ही बसता का जरा?"

"मला बस म्हणू नकोस. मी इथे काम करते."

"बरं, उभ्या राहा. कंपनी इथला डेपो बंद करतेय. नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग झालं की मी अमरिलोला चाललो. रोझा घरसुद्धा बघून आली."

"मग जा की सुखानं. बरण्यांत कशाला हात घालतोस?"

"मी गेल्यावर डोयलचं नाव कोण काढणार?"

इमोजीनला वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. "काय म्हणालास?"

"हे लोक डोयलची बाजू घेतात, पण सुरुवात कुणी करत नाही. बघा आठवून. रोज सुरुवात मी करतो. गेल्या हिवाळ्यात माझी पाठ धरली होती, मी घरी पडून होतो. तेव्हा कुणी काढलं त्याचं नाव?"

तिनं आठवून पाहिलं. गेल्या हिवाळ्यात मधे काही दिवस फार वाईट गेले होते. तिला वाटलं होतं, थंडीनं असेल, गुडघ्यांनी असेल. टेबलावर तेव्हा कापसाचा भाव आणि हॉलिसच्या नव्या दातांशिवाय काही नव्हतं.

"मी रेघेच्या पार नव्हतो," रुबेन म्हणाला. "माझं नाक मातीत होतं आणि रेघ नाकासमोर. मला ती अजून दिसते. पण खरं सांगितलं असतं तर भांडण त्याच दिवशी मिटलं असतं. डोयल गेला त्या वर्षी मी तुम्हाला इथे बघितलं, कोपऱ्यात, व्हर्ननबरोबर. तुम्ही काही खात नव्हतात. कुणीतरी मला चिडवलं, मी उलट बोललो, तो डोयलबद्दल सांगायला लागला, आणि तुम्ही मान वर केलीत. म्हटलं, ठीक आहे. आपल्याला एवढं जमतं."

आता मात्र इमोजीन बसली. करपट कॉफीचे ते सगळे कप तिला एकदम आठवले, आणि तिला आपलीच इतकी शरम वाटली की मान वर होईना.

"मग हे दाणे?" तिनं विचारलं.

"तो भिंतीवर गेला तर मिटलं. मी गेलो तर गाव पेटेल. आत शिरताना प्रत्येक जण म्हणेल, इथे डोयल हवा होता. मी अमरिलोत असलो तरी चालू राहील."

बाहेर टाकीत गॅस भरल्याचा सूं असा आवाज येत होता.

"खरं सांग," ती म्हणाली. "कसा होता तो? तुला."

रुबेननं टोपी हातात फिरवली. "दोन बॅक असले की एकानं धावायचं आणि दुसऱ्यानं पुढे जाऊन त्याच्या वाटेतला माणूस पाडायचा. ते काम कुणाला आवडत नाही, त्यात नाव होत नाही. डोयल ते न सांगता करायचा. माझी चाल असली की तो पुढे आणि मी त्याच्या मागे. मी त्याची पाठच जास्त बघितलीय, मिस इमोजीन. स्वप्नातही पाठच येते. तोंड आठवायला आताशा फोटो बघावा लागतो."

"मलाही," ती म्हणाली. हे ती कुणाजवळच बोलली नव्हती, व्हर्ननजवळसुद्धा नाही. "आवाज तर गेलाच. कधी कधी पहाटे येतो आणि डोळे उघडले की निघून जातो."

मग ती उठली, पोत्यात हात घातला आणि मूठभर दाणे रुबेनच्या बरणीत सोडले. पोटच्या पोराच्या विरुद्ध. मग तिनं आणखी एक मूठ घेतली.

दोघांनी केलं ते केलं, पण गावापुढे दोघांचं काय चालणार? सकाळी टेबलावरच्यांनी रुबेनची बरणी बघितली आणि आगडोंब उसळला. "हा चोर घरून पोती आणतोय," डब ओरडला आणि दुपारपर्यंत लोक आपापल्या स्वयंपाकघरातले दाणे घेऊन यायला लागले. कुणी खिशातून, कुणी टोपीतून. जिनिंगच्या कामगारांनी तर बादलीच आणली. मनाला स्मरून एक दाणा वगैरे सगळं वाऱ्यावर गेलं. डोयलच्या बरणीला दुसरी बरणी जोडावी लागली, मग तिसरी. सगळे इमोजीनकडे बघून हसत होते आणि तिलाही हसावं लागत होतं. इतक्या प्रेमानं कुणी आपलं नुकसान करत असेल तर माणसानं काय करावं?

ऑक्टोबरच्या सामन्याला तिच्या छातीवर तिथल्या रिवाजाप्रमाणे ताटाएवढं कापडी शेवंतीचं फूल लावलं, गुडघ्यापर्यंत फिती लोंबणारं, मधे डोयलचा नंबर. बँड वाजला, भिंतीवरचं कापड सरकलं. चित्रकारानं डोयलला सिनेमातल्यासारखा जबडा दिला होता. डोळे मात्र कुणाचेच नव्हते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रुबेन मैदानात येऊन तिच्याशी हात मिळवून गेला आणि जाता जाता मोठ्यानं म्हणाला, "मोजणाराही मार्लोचाच होता!" कुणी चिडलं नाही. हॉलिसनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुरे आता रुबेन. मिटलं ते. दिलदारपणे घे." आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी रुबेन, रोझा आणि सामानानं भरलेली गाडी अमरिलोच्या रस्त्याला लागली.

मग खरंच मिटलं. टेबलावर कापसाचा भाव यायचा, वारा यायचा, शाळेच्या संघातला नवा क्वार्टरबॅक पोरगा यायचा, सरकार यायचं. इमोजीन भांडं घेऊन फेऱ्या मारायची. कप भरलेले असले तरी मारायची. रुबेनची खुर्ची काही दिवस रिकामी राहिली, मग त्यावर कोट ठेवायला लागले. ती घरी जाऊन फोटोंसमोर बसायची आणि फोटो तेच ते सांगायचे. तिला डोयल हवा होता. कुठलाही, कुणाच्याही तोंडचा, बैल म्हटलेलासुद्धा. रुबेनही हवा होता.

जानेवारीतल्या एका सकाळी डबनं दारातून आत येत हॉलिसला सांगितलं, "तुझा ट्रेलर सोडलाय बघ. डोयलपाशी लावलाय."

इमोजीन भांडं घेऊन जवळ सरकली. पण हॉलिस फक्त म्हणाला, "भिंतीला चिकटून नाही ना? रंग उडेल." आणि वर्तमानपत्र उघडलं.

ती तिथेच उभी होती. डोयलपाशी. म्हणजे ट्रेलर लावायची जागा झाला तिचा मुलगा. वर्षभरात कुणी पोरगी विचारेल, डोयल माणूस होता? तिनं भांडं टेबलावर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं, सगळ्यांनी वर बघितलं. जे बोलायचं होतं ते आई बोलत नाही.

"त्या भिंतीवर चुकीचा माणूस चढवलात तुम्ही," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. डबच्या तोंडात डोनटचा घास तसाच.

"रुबेन भारी होता. डोयलला डावीकडे वळताच यायचं नाही."

"इमोजीन!" हॉलिसचं वर्तमानपत्र खाली आलं. "अगं, तू आई आहेस त्याची!"

"म्हणून तर सांगते. पाळण्यापासून बघतेय. उजवीकडे तेवढा बरा होता. डावीकडे म्हणजे नुसता ओंडका."

"काय बोलताय काय मिस इमोजीन!" डब घास गिळत उठलाच. त्याचा चेहरा लाल झाला होता. "डावीकडे? क्लेबॉर्नच्या शाळेविरुद्धच्या सामन्यात गेला तो डावीकडूनच गेला होता! माझ्याच बाजूनं! मी माणूस धरून ठेवलेला, आणि हा माझ्या पाठीवर पाय देऊन गेला, बुटाचा ठसा आठवडाभर होता. विचारा माझ्या बायकोला!"

"एकदा गेला असेल चुकून."

"चुकून?" हॉलिस उसळला. "अगं, त्या दिवशी दोनदा गेला तो डावीकडून. मी काठावर होतो. डोयल..."

"आणि तापात!" डब ओरडला. "अंगात ताप होता त्याच्या! कपडे बदलताना माझ्या हाताला चटका बसला त्याच्या अंगाचा. मी म्हटलं, कोचला सांगतो. तर माझा गळाच धरला त्यानं. म्हणाला, कोचचं सोड, माझ्या आईला कळता कामा नये, ती मला बाकावरून उचलून घरी नेईल. शपथ घातली मला! मी आजवर बोललो नव्हतो!"

इमोजीननं खुर्चीची पाठ धरली. ती रुबेनची खुर्ची होती, तिच्यावर कुणाचा तरी कोट होता. डोयलला ताप होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या शुक्रवारी सामन्यानंतर तो घरी येऊन न जेवता झोपला होता आणि ती दाराशी जाऊन परतली होती, पोराला झोपू दे म्हणून. आत जाऊन कपाळाला हात लावायला हवा होता. तो तिला आत्ता, या क्षणी लागत होता, गरम, तळहाताला. डोळे भरून आले, समोरचं टेबल धूसर झालं. टेबलावर सगळे एकदम बोलत होते, एकमेकांचे शब्द तोडत, आणि प्रत्येक वाक्यात तो होता.

तिनं बाहीनं नाक पुसलं आणि भांडं उचललं.

"ताप कसला," ती म्हणाली. "नखरे असतील. काही सांगू नकोस मला."

"नखरे!" डब म्हणाला. "थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो."

"सांग," इमोजीन म्हणाली आणि त्याचा कप काठोकाठ भरला.